उलट्या वर्गाच्या दाराशी माझ्या चपला

रेहानाबाई,

शाळेनं तुझ्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलंय. पालकांनी चार-चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला. मी नातीला, तन्वीला सांगितलं, चार ओळींत माझं भांडणसुद्धा सुरू होत नाही. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर कागद परत पाठवा. लिहितोय मीच. माझी चौथी झालीय, तीही रडतखडत. अक्षर बैल मुतल्यासारखं आहे. नात बसून नीट उतरवून काढेल, पण शब्द बदलायचा नाही, असा दम दिलाय तिला.

आणि तुला मी 'तू'च म्हणणार. आमच्याकडे बापाला तू आणि देवालाही तू, तिथं तू कोण मोठी लागून गेलीस. जिवंत होतीस तेव्हा हा प्रश्न फारसा आलाच नाही, कारण आपण बोलायचो ते पोरांच्या तोंडून. समोरासमोर बोललो दोनदाच. दोन्ही वेळा भांडलो.

मागल्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार घातला होता. एकजण उठून म्हणाला, बाई मनमिळाऊ होत्या. दुसरा म्हणाला, हसतमुख होत्या. तिसऱ्यानं सांगितलं, त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो. माझं दुखावलंस ना. भर वर्गात, माझ्या नातीदेखत. तू भांडखोर होतीस, बाई, आणि तुझ्यातलं तेवढंच मला पटायचं. माणूस मेलं की लोक त्याला घासून घासून ओढ्यातल्या गोट्यासारखं गुळगुळीत करतात. मी नाही करणार.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, ते पत्रकात छापून आलंय. ज्यांना पाहिजे त्यांनी तिथं वाचावं.

मला आठवते ती जूनमधली पालकसभा. तू उभी राहून म्हणालीस, यंदा नववीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मी उलटं शिकवणार. पाठ मोबाइलवर बोलून पाठवीन, पोरांनी तो घरी ऐकून यायचा. वर्गात मी पाठ सांगणार नाही. याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते तू एकदाच घेतलंस आणि पुढं 'उलटा वर्ग' म्हणालीस. मी उठलो. विचारलं, "मंग वर्गात तू करनार काय?"

"भांडणं लावणार."

"पोरांची?"

"पोरांची पुस्तकाशी. मग एकमेकांशी."

मी म्हटलं, हा उलटा कारभार आमच्या पोरांवर नको. शिकवायचं काम तुझं, ते तू आमच्या घरात ढकलतेस. तू तापली नाहीस. उलट मलाच विचारलंस, बाबा, भात लावलंय ना तुम्ही, मग बी थेट खाचरात फेकता का? आता हे मला विचारायचं? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आधी एका कोपऱ्यात बी पेरून आवण करायचं, रोप वीतभर झालं की उपटून खाचरात लावायचं. आणि लावणीला माणसं किती लागतात, असं तू पुढं विचारलंस. म्हटलं, अख्खं घर, वर शेजारी. "मग झालं तर," तू म्हणालीस. "आवण घरी, लावणी वर्गात. जिथं जास्त माणसं लागतात ते काम सगळे जमल्यावर करायचं."

लोक हसले. मी बसलो नाही. विचारलं, "आवनाची राखन कोन करनार? गुरं खाऊन जातील."

तू सरळ माझ्याकडे बोट केलंस. "तुम्ही."

तुला माझ्या घरापुढच्या मोठ्या ओट्याबद्दल आधी कुणी सांगितलं होतं, की नुसतंच बोट केलंस, हे विचारायचं राहून गेलं.

कारण झालं तसंच. आमच्या गावाला आता घरांपेक्षा गोदामं जास्त. त्यांच्या मागं चाळी. चाळीतल्या घरात मोबाइल एक, आणि तो बापाबरोबर ड्युटीवर जातो. तन्वीच्या वर्गातल्या श्रीनिवासचा बाप गोदामात रात्रपाळीला. पोरगा पहिल्याच आठवड्यात तिला म्हणाला, पाठ ऐकायला मिळाला नाही, वर्गात मुक्यासारखा बसलो. संध्याकाळी तन्वीनं त्याला आमच्या ओट्यावर आणलं. माझाच मोबाइल घेतला, मला न विचारता, आणि आवाज मोठा यावा म्हणून पितळेच्या पातेल्यात उभा केला. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं आली. तिसऱ्या दिवशी मी ओटा झाडून ठेवला. पोरांसाठी नव्हे, ओटा माझा आहे, तो स्वच्छ असलेला मला आवडतो.

मी बाजेवर पडून ऐकायचो. कान काही बंद करता येत नाहीत.

तुझा आवाज पातेल्यातून यायचा तो घुमून. बहुतेक पाठ स्वच्छ असायचे. कधीकधी मात्र मागं कापडाच्या लूमची खटखट असायची, इतकी की तुझे शब्द त्यात अडकायचे. तन्वीनं उलगडून सांगितलं. तुझं घर धामणकर नाक्याच्या पलीकडे, खाली भावाचा कारखाना, वर तुम्ही राहता. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून तू आठवड्याचे पाठ शुक्रवारी बोलून ठेवायचीस. लूमच्या आवाजातला पाठ आला, याचा अर्थ बाईला शुक्रवारपर्यंत दम निघालेला नाही. म्हणजे वर्गात काहीतरी पेटलंय. पुढं पुढं खटखट ऐकू आली की मी बाजेवर उठून बसायचो.

ग्रामसभेच्या पाठात तू म्हणालीस, गावातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत बोलता येतं. मी म्हटलं, थांबव ते. बोलता येतं, पण ऐकतं कोन? श्रीनिवासनं ते तसंच्या तसं वर्गात नेलं, माझ्या आवाजासकट, असं नंतर कळलं. पुढचा पाठ आला तो लूमच्या खटखटीत. तुझं पहिलंच वाक्य होतं, "एका आजोबांनी विचारलंय, ऐकतं कोण. प्रश्न चांगला आहे. पण आजोबा, तुम्ही ग्रामसभेला शेवटचे कधी गेला होतात?"

ओट्यावर पोरं लोळून हसली. मी सांगितलं, बाईला कळवा, मी कुठं जातो ते विचारायचं काम तिचं न्हाय. पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. तुझ्या सांगण्यावरून नाही. मला जायचंच होतं.

असं आपलं चालायचं. तू पाठ पाठवायचीस, मी मध्येच थांबवायचो, पोरं माझा निरोप वर्गात न्यायची, तिथं त्यावर तासभर वाजायचं, आणि तुझं उत्तर पुन्हा पातेल्यात येऊन पडायचं. उत्तर कसलं, आणखी एक प्रश्न. याचाच मला राग यायचा. मास्तरानं सांगावं, पोरांनी लिहावं, एवढंच मला ठाऊक. तू कधी सांगायचीच नाहीस. तन्वीकरवी मी एकदा विचारलं, तुझं स्वतःचं काय मत हाय ते तरी बोल. निरोप आला, "माझं मत वर्गात मिळेल. या."

मग दिवाळीनंतर जमिनीच्या वापराचा पाठ आला. तू म्हणालीस, आपल्या भागात शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या आणि गोदामं उभी राहिली. अगदी सरळ, जसं काही सकाळ झाली आणि सूर्य उगवला.

मी उठून पातेल्यातला मोबाइल उचलला आणि स्वतः बंद केला. पोरांना सांगितलं, लिहून घ्या. विकल्या न्हाईत. गेल्या. माझं खाचर खाडीच्या अंगाला. आधी बांध फुटला, खारं पाणी शिरलं. मग शेजारच्यांनी भराव टाकला, त्यांची जमीन उंच झाली, माझी तळं झाली. दोन पावसाळे भात कुजलं. मग मी सही केली. याला तुमची बाई विकणं म्हणत असेल तर तिला सांगा, तिनं आधी चिखलात उतरून बघावं.

दुसऱ्याच दिवशी तुझा पाठ आला. लूम इतके जोरात की तुला ओरडून बोलावं लागत होतं. "बाळाराम बाबा म्हणतात, जमिनी विकल्या नाहीत, गेल्या. जमिनीला पाय नसतात. ती मजबुरी होती की मर्जी? मंगळवारी वर्गात ठरवू. बाबांनी स्वतः यावं."

मी आलो. पांढरा सदरा, टोपी. वर्गाच्या दाराशी चपला काढल्या. पोरं सगळी बूट घालून आत बसलेली, पण मला ते जमत नाही. आमच्या काळी शाळेत पायताण घालून कुणी शिरत नसे. एक तर ते नसायचंच.

बाकं एकमेकांसमोर फिरवून लावली होती. अर्ध्या पोरांनी मजबुरीच्या बाजूनं बोलायचं, अर्ध्यांनी मर्जीच्या. कुणी कुठल्या बाजूला बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. तू फळ्याजवळ नव्हतीस. मागं खिडकीशी उभी होतीस, हाताची घडी घालून, जणू तुझा या वर्गाशी काही संबंध नाही. श्रीनिवास माझ्या बाजूनं बोलला. बांधाचं, भरावाचं, सगळं नीट मांडलं त्यानं, माझ्यापेक्षा नीट. मग समोरून तन्वी उठली. माझी नात. चिठ्ठीनं तिला मर्जीच्या बाजूला टाकलं होतं. म्हणाली, "आमच्या शेजारच्या काकूंच्या शेतातपण पाणी शिरलं. त्यांनी नाही दिली जमीन. त्या अजून एका तुकड्यात वाल पेरतात. मग आमच्या आजोबांची मजबुरी कशी?"

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "तुझा बाप शिकला कशावर, ते घरी जाऊन विचार त्याला."

तेव्हा खिडकीशी तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. "बाबा, हे उत्तर झालं नाही. हा दम झाला."

पोरं हसली. मी उठलो आणि चालू लागलो. फाटकातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, कंटेनरवाल्यानं हॉर्न मारला. निम्म्या वाटेत खडी टोचली तेव्हा ध्यानात आलं की चपला वर्गाच्या दाराशीच राहिल्या. परत फिरलो नाही. भर दुपारी तसाच घरी आलो.

मी चुकलो असं इथं कबूल करीन, अशी वाट बघत असशील तर बघत बस. भर वर्गात म्हाताऱ्याला असं बोलत नाहीत. आजही मी तेच म्हणतो.

पण एक गोष्ट तुझ्याबद्दल सांगतो, जी शोकसभेत कुणी सांगितली नाही. दुसरी बाई असती तर तिनं पोरीला गप्प केलं असतं. आजोबांची माफी माग म्हणाली असती. किंवा शिपायाच्या हाती चपला घरी पाठवल्या असत्या, वर चार गोड शब्द. तू यातलं काहीच केलं नाहीस. तन्वीला पुरतं बोलू दिलंस. मला पोरांच्या बरोबरीनं धरलंस. एवढ्या वर्षांत माझ्यापाशी उत्तर मागणारी तू एकटीच. बाकी सगळे माझं वय बघून मान हलवतात.

पुढचा पाठ लूमच्या आवाजातच आला. मी चार दिवस मोबाइल कपाटात ठेवला होता, पण पोरं ओट्यावर येऊन नुसतीच बसायला लागली, तेव्हा काढून दिला. पाठ कसला, एवढंच बोलली होतीस. "बाबा, चपला दाराशी आहेत. मी कुणाला हलवू देणार नाही. या, वाद पुरा करा आणि घेऊन जा."

मी निरोप पाठवला, नवीन घेतल्यात. खरोखरच घेतल्या, त्याच दिवशी, नाक्यावरून.

चपला तिथंच राहिल्या. पोरं सांगायची, झाडणारी मावशी त्या उचलून खालचं झाडते आणि परत तशाच जोडीनं ठेवते, कारण बाईंनी सांगितलंय. दुसऱ्या वर्गाची पोरं विचारायची, या कुणाच्या. तुझी पोरं सांगायची, एक वाद बाकी आहे त्यांचा. मी मनाशी ठरवलं होतं, एकदा यायचं. शेजारच्या काकूंच्या तुकड्याबद्दलचं उत्तर माझ्याकडे होतं. त्या दिवशीही होतं, तू हसवलंस म्हणून तोंडातच राहिलं. म्हटलं, जाऊ. घाई कसली? तू माझ्या निम्म्या वयाची. मरायची पाळी माझी होती, बाई. तू मध्येच घुसलीस. रांगेतसुद्धा तुला उलटंच करायचं होतं.

तू गेल्याची बातमी आली तेव्हा मी रिक्षा करून तुझ्या घरी आलो. गल्लीत शिरलो आणि पाय थांबले. शुक्रवार नव्हता, तरी लूम बंद होते. खालच्या कारखान्यात कामगार हात बांधून उभे होते. पातेल्यातला तुझा आवाज मी ऐकलेला तो एक तर खटखटीच्या मागून, नाहीतर शुक्रवारच्या शांततेतून. ही शांतता तिसरीच होती. तुझ्या भावानं मला बसायला खुर्ची दिली. माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. विचारलं, "तुम्हीच ते चपलावाले बाबा ना?"

म्हटलं, हो.

रडता रडता तो माणूस हसला. सांगायला लागला की जेवताना तू माझ्या गोष्टी सांगायचीस, आज बाबांनी पाठ कुठं थांबवला ते. घरातली सगळी विचारायची, मग बाबा आले की नाही वर्गात. तू म्हणायचीस, येणार. जाणार कुठं, चपला माझ्याकडे आहेत. हे ऐकून मला तिथं रडू आलं, असं तू समजू नको. मी पाणी मागितलं.

आता तू गेल्यावर काय झालं ते ऐक, कारण ते तुला कुणी सांगणार नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावलं. मुख्याध्यापक भला माणूस, पण घाबरट. म्हणाले, बाईंची पद्धत चांगली होती, पण ती त्यांची होती. परीक्षा जवळ आलीय, नवे सर आलेत, ते टिपणं लिहून देतील, पोरांनी पाठ करावीत. मोबाइलवरचा गट बंद करू, बाकं सरळ करू. बाकीचे माना हलवायला लागले. मी उठलो. म्हटलं, बंद का? मुख्याध्यापक म्हणाले, "आजोबा, सगळ्यात जास्त विरोध तर तुमचाच होता."

लोक हसले. खरंच होतं ते.

मी म्हटलं, "विरोध मी करनार. बंद तुमी करायचं न्हाय."

आता कुणी हसलं नाही. मी पुढं बोललो. सांगितलं, पाठ माझ्या मोबाइलमध्ये आहेत, सगळे, लूमच्या आवाजासकट. ते माझ्या ओट्यावर वाजतील, यंदाही आणि पुढच्या नववीलाही. गट बंद करा नाहीतर शाळेला कुलूप लावा, ओटा माझ्या बापाचा आहे. पण लावणी ओट्यावर होत नाही, तिला खाचर लागतं, सगळी पोरं समोरासमोर लागतात. आवण तयार असताना खाचर बंद ठेवणारा शेतकरी मी तरी बघितलेला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, विचार करून सांगतो. नवे सर खाली मान घालून बसले होते. कोन गावाहून येतात, पोरगेलेसे आहेत, अजून मिशीसुद्धा धड नाही.

काल संध्याकाळी तेच सर ओट्यापाशी आले. पोरं तुझा पाठ ऐकत होती. सर चप्पल काढून ओट्याच्या कडेला टेकले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. पोरं गेल्यावर त्यांनी पिशवीतून माझ्या चपला काढल्या. पुसलेल्या होत्या. म्हणाले, बाकं सरळ करताना दाराशी सापडल्या, मावशी म्हणाल्या तुमच्या आहेत, म्हणून पोचवायला आलो.

मी चपलांना हात लावला नाही. म्हटलं, "सर, नेऊन ठेवा परत. होत्या तिथंच."

"का हो आजोबा?"

"वाद बाकी हाय."

"कसला वाद?"

मी सांगितलं. बांध, भराव, मजबुरी, मर्जी, काकूंचे वाल. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मग खरं काय होतं, मजबुरी की मर्जी?"

बाई, उत्तर माझ्या ओठांवर होतं. एवढे महिने सांभाळलेलं. समोर विचारणारा माणूस, ऐकायला तयार. पण तुझी सवय लागलीय ना मला. म्हटलं, "इथं न्हाय सांगनार. वर्गात विचारा. बाकं फिरवून विचारा."

सर उठले. चपला पिशवीत घातल्या आणि घेऊन गेले.

आज तन्वी शाळेतून आली ती दारातूनच सांगत आली की चपला जागेवर आहेत. बाकं अजून सरळच आहेत, पण सरांनी विचारलंय, मंगळवारी आजोबा येतील का. मुख्याध्यापकांना त्यांनी विचारलंय की नाही, ते मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही. मी जाणार. खिडकीशी कुणी नसेल, त्याला माझा इलाज नाही. तुझं मत मला आता कधीच कळणार नाही, हा एक डाव तू माझ्यावर जिंकलास. तो मी विसरणार नाही.

माझं उत्तर मात्र इथं लिहीत नाही. ही पुस्तिका पोरं वाचतील, आणि त्यांना ते आयतं मिळालेलं तुला चाललं नसतं.

मंगळवारी नव्या चपला घालून येईन, दाराबाहेर जुन्यांच्या शेजारी काढीन आणि आत शिरेन. परत जाताना कुठली जोडी पायात असेल, ते तन्वी काय बोलते त्यावर आहे.

बाळाराम